हवा मोजणारा डबा

कॅप्टनने आयुष्यात कसलीच कप्तानी केलेली नव्हती. तो दातांचा डॉक्टर होता. 'कॅप्टन' हे नाव त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं, आणि ते रुळावं म्हणून दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसांना तो उड्डाणाच्या गोष्टी ऐकवत असे. तोंडात कापसाचे बोळे असलेला माणूस वाद घालत नाही. अशा श्रोत्यांची सवय लागली की आपण कधी चुकतच नाही असं वाटायला लागतं, आणि कॅप्टनला ती सवय फार जुनी होती.

विमान मात्र त्याने खरंच बांधलं होतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीला लागून हौशी लोकांचा एक क्लब होता, आणि क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने लाकूड, कापड आणि डिंकासारखी चिकटणारी राळ वापरून दोन माणसांचं विमान उभं केलं. इंजिन एका छोट्या मोटारीचं काढून बसवलं होतं. तपासनीस येऊन पाहून गेला, एकट्याने करायची उड्डाणं कॅप्टनने पुरी केली, आणि आता नियमाप्रमाणे शेजारी माणूस बसवायची मुभा मिळाली. पहिला मान बायकोचा, असं त्याने क्लबमध्ये सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. बायकोला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

बायको म्हणजे धाकटी. तिच्याहून मोठी ती ताई. ताई एका मोठ्या रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करण्याच्या विभागाची प्रमुख होती आणि आता निवृत्त झाली होती. रोग्याच्या श्वासातला प्राणवायू मोजणारी यंत्रं तिच्या हाताखालून गेली होती. मूर्ख माणसांविषयी तिला राग नसे, पण आपल्या मूर्खपणाचं कौतुक करून घेणाऱ्यांना ती सहन करत नसे. त्यामुळे बहिणीच्या नवऱ्याशी तिचं पहिल्यापासून बेताचंच होतं.

एका सुट्टीच्या सकाळी ती धाकटीबरोबर शेडवर गेली. कॅप्टन नुकताच उतरला होता. ताईने सहज वाकून आत पाहिलं. इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा लाल पट्टीला टेकलेला होता.

"हे काय?"

"चढताना थोडं वर जातं," कॅप्टन म्हणाला. "मग येतं खाली आपोआप."

"तापही चढतो आणि आपोआप उतरतो. मधल्या मध्ये माणूस गेला नाही म्हणजे झालं."

"ताई, मोटारीचं इंजिन आहे, दणकट आहे."

"मोटार चढावर बंद पडली तर बाजूला घेऊन उभी करता येते. तुम्ही कशाच्या बाजूला उभे राहणार?"

मग तिने पेट्रोलचं विचारलं, आणि कॅप्टनचा चेहरा उजळला. क्लबमध्ये एक अलिखित शर्यत चालायची: कुणाचं विमान सगळ्यात कमी पितं. उडण्यापेक्षा न पिण्याचीच चर्चा जास्त. कॅप्टनने कार्बुरेटरमधलं जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल आत जातं ती पितळेची बोंडी, बदलून बारीक भोकाची बसवली होती. त्या दिवसापासून तो शर्यतीत पहिला होता आणि पहिलेपणाचं तेज त्याच्या टकलावरसुद्धा दिसत होतं.

"मग उपाशी ठेवलंय तुम्ही इंजिनाला," ताई म्हणाली.

"उपाशी नाही. मोजकं देतो."

"कशाने मोजलंत?"

यावर कॅप्टन हसला आणि त्याने आपल्या कानाला बोट लावलं. "इंजिन बोलतं, ताई. ऐकणारा पाहिजे."

ही गोष्ट कळायला फार विद्या लागत नाही. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. एक भाग पेट्रोल पुरतं जाळायला वजनाने साधारण पंधरा भाग हवा पुरते. पण इंजिन पूर्ण जोरात चालत असेल तेव्हा त्याला थोडं जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं, इतकं की एका भागाला हवा साडेबारा भागच यावी. जास्तीचं पेट्रोल जळायला नसतंच. त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतात ना, तसं. कॅप्टनने शर्यत जिंकण्यासाठी ती ओली पट्टीच काढून घेतली होती, आणि आपल्या बायकोला त्या इंजिनामागे बसवून ढगांकडे न्यायला निघाला होता.

परतताना ताईने धाकटीला सरळ सांगितलं, "तू बसायचं नाहीस."

"ताई, चार मिनिटांची फेरी आहे ती. नाही म्हटलं तर चार वर्षं ऐकावं लागेल."

"म्हणून जीव द्यायचा?"

"तुला वाटतं तसं असेलच असं कुठे आहे? त्यांना वाटतं तसंही असेल."

हे खरंच होतं. तिला वाटत होतं आणि कॅप्टनला वाटत होतं. मोजलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि एक्झॉस्टच्या नळीत बसवायचा प्राणवायूचा सेन्सर घेऊन आली.

हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. त्याच्या पोटात चिनी मातीसारख्या पदार्थाची एक इवलीशी खोली असते. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्या खोलीत शिरतो. खोलीत प्राणवायू नेमका ठरलेला राहिला पाहिजे. जास्त झाला तर बाहेर काढायचा, कमी पडला तर आत आणायचा. हे ने-आण करण्याचं काम वीज करते. किती वीज खर्च झाली ते मोजलं की धुरात प्राणवायू किती उरला होता ते कळतं, आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती मिळतंय ते. दाराशी उभा असलेला शिपाई किती घामाघूम झालाय यावरून आत किती गर्दी आहे ते ओळखावं, तसा हा प्रकार. पण त्या शिपायाला कामाला लावणारा, त्याला बरोबर तेवढा तापवून लालबुंद ठेवणारा आणि त्याच्या घामाचा आकडा करून दाखवणारा कुणीतरी लागतो. तो कुणीतरी म्हणजे कंट्रोलर. ताईने तो जेवणाच्या टेबलावर बनवायला घेतला.

धाकटी रोज दुपारी यायची आणि समोर बसायची. सोल्डरचा धूर आपल्याकडे आला की पुठ्ठ्याने तो परत बहिणीकडे घालवायची.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकतचा आणला असतास तर?"

"विकतच्याला तुझा नवरा म्हणाला असता, कंपन्या काय, विकायला बसल्यात. घरच्याला म्हणेल, घरगुती आहे. नाहीच म्हणायचं तर कारण कुठलंही चालतं. मग मी निदान मला उघडता येईल असा बनवते."

कॅप्टन तसंच म्हणाला. ज्याने पंख शिंप्याच्या सुईने शिवले होते, ज्याच्या बैठकीला दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीची गादी होती, तो माणूस ताईचा ॲल्युमिनियमचा डबा दोन बोटांत उचलून म्हणाला, "घरी केलेली वस्तू विमानात? ताई, हे विमान आहे!" आपला तो बाब्या!

क्लबच्या सेक्रेटरींनी मान डोलावली. सेक्रेटरींनी स्वतः कधी विमान चालवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायलाही उंटावर चढावं लागतं. हे गृहस्थ खुर्चीवरूनच हाकत. पण हरकत घ्यायला त्यांना नियम सापडेना, कारण डबा इंजिनाला काही करत नव्हता, नुसता बघत होता. म्हणून त्यांनी 'प्रायोगिक' असा शब्द काढला आणि परवानगी दिली.

पहिला सेन्सर पहिल्याच दिवशी मेला. ताईने बजावून सांगितलं होतं: रात्रभर थंड पडलेल्या नळीत दव साठतं, इंजिन सुरू होऊन नळी गरम झाल्याशिवाय सेन्सर तापवायचा नाही, नाहीतर लाल झालेल्या मातीवर पाण्याचा थेंब पडतो आणि ती तडकते. कॅप्टनने आधी तापवण्याचं बटण दाबलं, कारण ते पुढे होतं. आतून बारीक 'टक' असा आवाज आला.

"काय झालं?"

"गरम तव्यावर पाणी शिंपडलंत," ताई म्हणाली आणि दुसरा सेन्सर आणायला गेली.

दुसऱ्या वेळी चूक ताईची होती. तिने सेन्सर नळीच्या तोंडाशी बसवला होता. या विमानाची धुराची नळी जेमतेम वीतभर. इंजिन संथ चालत असताना धुराच्या दोन फुसक्यांच्या मध्ये बाहेरची हवा नळीत परत शिरते, आणि सेन्सर बिचारा तीच हवा मोजत बसतो. आकडा भलताच वर गेला. ताईने तो पाहिला, नळीत बोट घातलं, इतक्या हवेत धरलीच नसती अशी काजळी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे चुकलं माझं. जागा चुकली. नळी लांब करून आत बसवायला हवा."

चूक कबूल करणं चांगलं, असं आपण मुलांना शिकवतो. ते खरंच आहे. पण कुणापुढे कबूल करावी हेही शिकवायला हवं. नळी लांब झाली, सेन्सर आत गेला, संथ इंजिनावर आकडे शहाण्यासारखे दिसू लागले, आणि तरीही त्या दिवसापासून कॅप्टनच्या तोंडी एकच पालुपद: "एकदा चुकलं होतं ना यंत्र?"

मग विमान खांबाला जाड दोरांनी बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवलं. पंख्याच्या वाऱ्याने मागचं गवत आडवं झालं. सेक्रेटरी टोपी धरून उभे होते. ताईने पुढच्या फळीवर बसवलेल्या डब्यावरचा आकडा वाचला: पंधरा. साडेबारा हवे होते तिथे पंधरा.

इंजिन बंद झालं. धाकटी आधी नवऱ्याकडे आणि मग बहिणीकडे पाहत राहिली.

"जेट मोठं बसवा," ताई म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"एकदा चुकलं होतं ना यंत्र?" कॅप्टन म्हणाला.

सेक्रेटरींनाही ते पटलं. जेट मोठं बसवलं असतं तर कॅप्टनचं विमान इतरांएवढंच प्यायलं असतं आणि शर्यत गेली असती. एखादी गोष्ट खरी असणं महाग पडत असेल तर ती खोटी आहे याचे पुरावे माणसाला फार लवकर सापडतात. कुणी म्हणालं, ओलसर हवेत आकडा चुकतो. कुणी म्हणालं, दोराने बांधलेलं विमान आणि मोकळं विमान यांत फरक असतो. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि इथे तर वाकड्या अंगणावर भाषण द्यायला प्रत्येक जण तयार.

फेरीचा दिवस उजाडला. ताई सकाळीच शेडवर पोहोचली, तेव्हा कॅप्टन कातडी जाकीट घालून फिरत होता आणि कमालीचा खुशीत होता.

"या ताई, या! आनंदाची बातमी. इंजिन सुधारलं."

"म्हणजे जेट बदललंत?"

"छे! आपोआप. काल पुन्हा बांधून चालवलं, पूर्ण जोरात. साडेबारा! विचारा सेक्रेटरींना."

"साडेबारा," सेक्रेटरी म्हणाले. "मी स्वतः पाहिलं."

"इंजिनाला काय सर्दी झाली होती, आपोआप बरी व्हायला?"

"नवं इंजिन असतं ताई, रुळतं हळूहळू."

धाकटी विमानात बसलेली होती. कानावर मोठा हेडफोन, खांद्यावरून पट्टे, हात मांडीवर. दाताच्या खुर्चीत नंबर लागलेला माणूस बसतो तशी.

ताई वाकून डबा पाहू लागली. डब्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक स्क्रू होता. आकडा खऱ्याशी जुळवून घेण्यासाठी तो ठेवलेला असतो. वर फिरवला की दाखवलेला आकडा वाढतो, खाली फिरवला की कमी होतो. इंजिनाला त्याचा स्पर्शही होत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बोटाने मागे सरकवले म्हणून सूर्य मागे जात नाही, तेवढाच त्याचा अधिकार. त्या स्क्रूच्या खाचेत ताजे, चकचकीत ओरखडे होते. इतकी बारीक खाच फिरवायला साधा पेचकस चालत नाही. दातांच्या फटीत शिरणारी सळई मात्र चालते.

ताईने नळीतून सेन्सर पान्याने सोडवला, कोरडा पुसला, जाड हातमोजा चढवला, धाकटीला तापवायचं बटण दाबायला सांगितलं आणि तो उघड्या हवेत, सगळ्यांच्या मधोमध धरला. त्याच्या टोकाच्या भोकांतून आतली लाली दिसत होती.

"हे कशाला?" कॅप्टन म्हणाला. "उशीर होतोय."

"एक मिनिट. आता हा धूर मोजत नाहीये, आपण श्वास घेतो ती हवा मोजतोय. नुसत्या हवेत पेट्रोल नसतं. तेव्हा आकडा पार वरच्या टोकाला जाऊन थांबायला हवा. बावीस. धाकटे, वाच गं."

धाकटीने समोर पाहिलं. "साडेएकोणीस."

"नीट वाच."

"साडेएकोणीसच आहे ताई. हलत नाहीये."

"म्हणजे एका भागाला साडेएकोणीस भाग हवा," ताई शेडभर नजर फिरवत म्हणाली. "या यंत्राचं खरं मानायचं, तर इथल्या हवेत इतकं पेट्रोल मिसळलंय की कुणी काडी ओढली तर आपण सगळेच उडू. विमानाशिवाय."

सेक्रेटरींच्या बोटांत एक न पेटवलेली सिगारेट होती. ती त्यांनी हळूच खिशात परत ठेवली.

"अडीच कमी दाखवतंय," ताई म्हणाली. "काल साडेबारा दाखवलं, म्हणजे खरे किती? पंधरा. जिथे होते तिथेच. स्क्रू कुणी फिरवला?"

कॅप्टनने घसा साफ केला. "फिरवला काय, ताडून घेतला. कॅलिब्रेशन. यंत्र ताडून घ्यावं लागतं, तुम्हीच म्हणाला होतात."

"कशाशी ताडलात?"

"साडेबाराशी."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच नाही का म्हणालात, साडेबारा पाहिजे म्हणून!"

हे तो इतक्या निष्पाप चेहऱ्याने म्हणाला की ताईला क्षणभर त्याची कीवच आली. त्याने लपवाछपवी केली नव्हती. उत्तर माहीत होतं, ते त्याने यंत्राकडून वदवून घेतलं होतं, आणि वदवून घेतल्यावर त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसला होता. लबाड माणूस परवडतो. त्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

"एक्स-रेमध्ये किडका दात दिसला," ताई म्हणाली, "तर तुम्ही एक्स-रेला पांढरा रंग लावून पेशंटला घरी पाठवता का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कॅप्टनचे कान लाल झाले.

ताईला वाटलं, झालं, संपलं. इतकं लख्ख दाखवल्यावर आता राहिलं काय? पण सेक्रेटरी पुढे आले आणि त्यांनी हात वर करून निवाडा दिला.

"मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की हे यंत्र कुणीही स्क्रू फिरवून हवं ते बोलायला लावू शकतं. अशा यंत्रावर क्लब विसंबून राहू शकत नाही. आपण ते काढून टाकू. मग वादच नाही."

"बरोबर!" कॅप्टन एकदम ताठ झाला. "यंत्र नव्हतं तेव्हा तक्रार होती का काही? काढा. फेरी आत्ताच."

लोकांनी माना डोलावल्या. काहींनी टाळ्याही वाजवल्या. ताप मोजणारी नळी फेकून दिली की ताप गेला, असा त्यांचा सगळ्यांचा हिशेब, आणि तो त्यांना फार समंजसपणाचा वाटत होता. ताई हातात तापलेला सेन्सर धरून उभी होती. तिने बहिणीकडे पाहिलं.

धाकटीने हेडफोन काढला. मग खांद्यावरचे पट्टे सोडले. एक पट्टा अडकला, तो तिने शांतपणे सोडवला आणि पंखावर पाय ठेवून ती खाली उतरली.

"अगं, काय झालं?" कॅप्टन म्हणाला.

"काही नाही. तुम्ही या जाऊन. मी इथून बघते."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. तुम्ही तर सगळ्यांसमोर खरं सांगितलंत, स्क्रू फिरवला म्हणून. पण तुम्हाला जे हवं असतं ते तुम्हाला दिसतं. घरी चालतं ते. भाजीत मीठ नसलं तरी तुम्ही छान म्हणता, कारण ती तुम्ही केलेली असते. वर नाही चालणार. जा ना, एकटे जा. काढा डबा आणि जा."

आता सगळे कॅप्टनकडे पाहू लागले. विमान तयार होतं. धावपट्टी रिकामी होती. त्याने पंखावर हात ठेवला, इंजिनाच्या झाकणाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वारा उठलाय," तो म्हणाला.

धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावरून लोंबत होती. दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यात तिच्यापेक्षा जास्त हालचाल असते.

"हो, आडवा वारा आहे," सेक्रेटरी लगेच म्हणाले. "आज नकोच. चहा घेऊ."

ज्या इंजिनावर बायकोचा जीव सहज ठेवता येत होता, त्यावर आपला एकट्याचा ठेवायची वेळ आली तेव्हा वारा उठला. ताईला हे बोलून दाखवायचं होतं, वाक्य जिभेवर तयार होतं, पण धाकटीने तिच्या दंडावर हात ठेवून हलकेच दाबला, आणि ताईने ते गिळलं. तिला ते फार जड गेलं.

पुढच्या आठवड्यात कॅप्टनने जेट बदललं. तो विजयच असल्यासारखा वागत होता. "मला पहिल्यापासून वाटत होतं, जेट जरा बारीक आहे," असं तो खुर्चीतल्या पेशंटना सांगू लागला, आणि ते "अं अं" करून दुजोरा देऊ लागले. क्लबमध्ये त्याने मिश्रणावर एक व्याख्यानही दिलं. त्यात प्राणवायू, वाफ, ओली पट्टी, सगळं आलं; ताई तेवढी आली नाही. ताईने डबा उघडून स्क्रू आतल्या बाजूला बसवला, झाकण चिकटवून टाकलं, उघड्या हवेत बावीस आकडा सगळ्यांना दाखवला आणि सेन्सर परत नळीत घातला. विमान बांधून पूर्ण जोरात चालवलं: बारा पॉइंट सहा. तापमानाचा काटा लाल पट्टीपासून लांब राहिला. कॅप्टन एकटा जाऊनही आला.

"चला," तो धाकटीला म्हणाला. "आता तर काही म्हणणं नाही ना?"

"माझं नाही," धाकटी म्हणाली. "पण आधी ताई जाईल."

"मी?" ताई म्हणाली.

"डबा तुझा ना?"

"अगं, मी कशाला? मला काय करायचंय वर जाऊन?"

"मला तरी काय करायचं होतं? आकडा खरा आहे म्हणतेस, मग त्यावर तू आधी बस. इतके दिवस तुम्ही दोघं माझ्या जिवावर भांडलात, ताई. त्यांचं म्हणणं, बस. तुझं म्हणणं, बसू नकोस. मला कोण विचारतंय?"

कॅप्टन खो खो हसला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मध्येच थांबला. खरं म्हणजे तिला शिडीवरसुद्धा चक्कर यायची, आणि ही गोष्ट पृथ्वीवर एकट्या धाकटीला ठाऊक होती. नाही म्हणायला शंभर कारणं होती. त्यांतलं कुठलंही काढलं असतं तर ती सेक्रेटरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली असती.

ती चढली. कॅप्टनने पट्टे आवळले, आणि या एका कामात तो अगदी नीटस होता. दोनदा ओढून पाहिले. दार लागलं. इंजिन गरजलं, गवत मागे पळू लागलं, मग खडखड थांबली आणि शेड खाली राहून गेली. ताईने नजर फळीवरच्या आकड्यावर खिळवली ती खिळवलीच.

"ताई, डावीकडे बघा, नदी!" हेडफोनमधून कॅप्टनचा आवाज आला.

"बारा पॉइंट पाच. तापमान?"

"ठीक आहे. अहो, नदी बघा ना, काय चमकतेय!"

"तापमान किती ते सांगा."

त्याने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. चढताना, वळताना, उतरताना ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. धाकटीच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या दोघांचं एवढं सलग बोलणं कधी झालं नव्हतं, आणि त्यात एकही टोमणा नव्हता, कारण टोमण्याला श्वास लागतो आणि ताईने तो धरून ठेवला होता.

चाकं जमिनीला लागली. दार उघडलं. ताई पट्टे सोडून पंखावर आली, आणि धाकटीने तिला कमरेला धरून उतरवलं.

"वरून कसं दिसतं गं?"

"बारा पॉइंट सहा," ताई म्हणाली. "वळताना पॉइंट सात."

धाकटी इतकी हसली की तिला पंखाचा आधार घ्यावा लागला. मग तिने ताईच्या केसांतून हेडफोन काढून घेतला, स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि पंखावर पाय ठेवला.

"चला हो," ती कॅप्टनला म्हणाली. "आणि मला नदी दाखवा."